रोग्याच्या उशाशीं प्रतिध्वनि

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘ध्वनि’ या नांवाचें एक प्रकरण असतें. त्यांत एक उदाहरण हटकून येतें : कड्यासमोर उभे राहून टाळी वाजविली व अमुक सेकंदांनीं तिचा प्रतिध्वनि ऐकूं आला, तर कडा किती अंतरावर आहे? विद्यार्थी वेगास वेळेनें गुणितात, आलेल्या संख्येस दोहोंनीं भागितात, उत्तर पडताळून पाहतात, आणि परीक्षा संपली म्हणजे सारें विसरून जातात. परंतु हेंच गणित आज रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत रात्रंदिवस सोडविलें जात आहे, आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळदां मनुष्याचा प्राण अवलंबून असतो. तें कसें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्यास आपण बोलतांना ‘आय. सी. यू.’ म्हणतों, तो अतिदक्षता विभाग म्हणजे रुग्णालयांतील अत्यवस्थ रोग्यांचें दालन. त्याचा उगम एका मोठ्या संकटांत झाला. १९५२ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडल्यामुळें रोगी गुदमरून मरूं लागले. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनीं गळ्याला छिद्र पाडून त्यांत नळी बसविण्याची व रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची युक्ति काढली. वैद्यकाचे सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसले व तासन्‌तास पिशव्या दाबीत राहिले. त्यामुळें मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. अशा रोग्यांस एका ठिकाणीं ठेवून त्यांवर अखंड पहारा ठेवावा, हा धडा घेऊन इब्सेन यांनीं १९५३ च्या अखेरीस तेथेंच एक स्वतंत्र विभाग उघडला. जगांतील अतिदक्षता विभागांच्या आरंभाचा मान बहुधा त्यालाच देतात.

या दालनांतील वैद्यापुढें जी अडचण असते, ती आधीं नीट समजावून घेतली पाहिजे. समजा, एका रोग्यास एकाएकीं धाप लागली, नाडी जलद झाली, रक्ताचा दाब उतरला. तो शुद्धीवर नाहीं, किंवा त्याच्या घशांत श्वासयंत्राची नळी आहे. अर्थात्‌ त्यास कांहीं विचारतां येत नाहीं. या एकाच लक्षणामागें अनेक निरनिराळीं कारणें असूं शकतात. हृदय दुबळें झाल्यामुळें फुप्फुसांत पाणी सांचलें असेल. फुप्फुसाबाहेर छातींत हवा शिरून फुप्फुस चेपलें गेलें असेल. हृदयाभोंवतींच्या पिशवींत द्रव भरून हृदयाची कोंडी झाली असेल. पायाच्या नीलेंत धरलेली रक्ताची गांठ वाहत येऊन फुप्फुसाच्या वाटेंत अडकली असेल. किंवा पोटांत रक्तस्राव होऊन शरीरांतील रक्तच कमी पडलें असेल. बाहेरून पाहणारास हे सर्व रोगी जवळजवळ सारखेच दिसतात. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. रक्त कमी पडलेल्यास सलाइन व रक्त दिलें पाहिजे. तेंच सलाइन फुप्फुसांत पाणी सांचलेल्यास दिलें, तर तो आपल्याच छातींत बुडूं लागतो. छातींत कोंडलेली हवा सुई घालून बाहेर काढावी लागते. जेथें हवा नाहीं तेथें सुई खुपसली, तर चांगल्या फुप्फुसास इजा होते. म्हणजे प्रश्न केवळ रोग ओळखण्याचा नसून तो कांहीं मिनिटांत, व रोग्यास खाटेवरून न हलवितां, ओळखण्याचा आहे. नळ्या व तारांनीं वेढलेल्या रोग्यास मोठ्या छायाचित्रयंत्राकडे नेणें, हाच कधीं कधीं मोठा धोका ठरतो.

शरीराच्या आंत काय चाललें आहे हें आवाजावरून ओळखण्याचा यत्न नवा नाहीं. आउएनब्रुग्गर या नांवाच्या ऑस्ट्रियन वैद्याचे वडील खाणावळवाले होते. पिंप भरलेलें आहे कीं रिकामें, हें त्यावर बोटांनीं ठोकून ओळखतात; तीच रीत मनुष्याच्या छातीस लावून त्यानें १७६१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १८१६ सालीं पॅरिसमध्यें लेनेक या फ्रेंच वैद्यानें कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर टेकविली व दुसऱ्या टोंकास कान लावला. हाच पहिला स्टेथॉस्कोप. या दोघांचे उपकार वैद्यकविद्या कधींही विसरणार नाहीं. परंतु अतिदक्षता विभागांत श्वासयंत्राची घरघर व घंट्यांचा गलबला चाललेला असतो, आणि रोगी उताणा पडलेला असतो; तेथें नुसत्या कानाची शक्ति अपुरी पडते.

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें असलेला ध्वनि ऐकूं येतो. त्यापलीकडील ध्वनीस श्राव्यातीत ध्वनि असें म्हणतात. त्याचें रहस्य मनुष्यास प्रथम वटवाघळांनीं शिकविलें. अठराव्या शतकाच्या शेवटीं इटलींत स्पालांझानी नांवाचे एक धर्मगुरु होते. ते पाव्हिया येथील विद्यापीठांत सृष्टिविज्ञान शिकवीत. १७९३ सालीं त्यांना असें आढळलें कीं, अगदीं काळोख्या खोलींत घुबडाचेंही कांहीं चालत नाहीं, पण वटवाघूळ मात्र कोठेंही न आपटतां उडतें. इतकेंच नव्हे, तर त्याची दृष्टि नष्ट केली तरीही तें तसेंच उडतें. पुढल्याच वर्षीं जिनीव्हाचे शल्यवैद्य ज्यूरीन यांनीं वटवाघळाचे कान बंद केले, तेव्हां तें भिंतींवर आदळूं लागलें. वटवाघूळ कानांनीं पाहतें, हें खरें. पण तें काय ऐकतें, हें कोडें तसेंच राहिलें. १९३८ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाचा ग्रिफिन नांवाचा विद्यार्थी प्रोफेसर पिअर्स यांच्या यंत्राजवळ वटवाघळें घेऊन गेला, तेव्हां कोठें कळलें कीं, तीं आपणांस ऐकूं न येणारे चीत्कार करून त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात.

असा ध्वनि यंत्रानें कसा उत्पन्न करावा, याचा मार्ग १८८० सालीं जॅक व पिएर क्यूरी या बंधूंनीं खुला केला होता. गारेसारख्या कांहीं स्फटिकांवर दाब दिला म्हणजे त्यांच्या पृष्ठावर वीज उत्पन्न होते, असें त्यांनीं दाखविलें. आणि उलट वीज दिली म्हणजे स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, हें पुढल्याच वर्षीं सिद्ध झालें. अर्थात्‌ एकच स्फटिक तोंडही होतो आणि कानही होतो. पिएर क्यूरी यांचे शिष्य लॅंजव्हँ यांनीं पहिल्या महायुद्धांत याच गुणाचा उपयोग करून समुद्रांत दडलेल्या पाणबुड्या शोधण्याचें साधन तयार केलें. पुढें कारखान्यांत लोखंडाच्या आंतील चिरा शोधण्यासाठीं तशींच यंत्रें वापरूं लागले. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें हृदयरोगतज्ज्ञ एड्लर व पदार्थवैज्ञानिक हर्ट्झ यांनीं तसलें यंत्र जिवंत मनुष्याच्या छातीस लाविलें व हृदयाची हालचाल टिपली. १९५८ सालीं ग्लासगो येथील इयन डोनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पोटांतील गांठी व गर्भ यांचीं प्रतिध्वनिचित्रें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलीं. युद्धांत शत्रूचा ठाव घेण्यासाठीं निर्माण झालेलें शास्त्र अशा रीतीनें मातांच्या व रोग्यांच्या सेवेस लागलें.

आतां यंत्राची रचना पाहूं. वैद्याच्या हातांतील मुठीएवढ्या भागास ‘प्रोब’ म्हणतात. त्यांत सूक्ष्म स्फटिकांची रांग असते. ते सेकंदास २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनें असलेला ध्वनि क्षणभर सोडतात व लगेच गप्प राहून प्रतिध्वनि ऐकतात. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १,५४० मीटर असतो. १० सेंटिमीटर खोल असलेल्या पृष्ठावरून प्रतिध्वनि यावयाचा, तर जाऊन येऊन २० सेंटिमीटरांचा प्रवास झाला. भागाकार करून पाहिल्यास त्यास एका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकीं सुमारें १.३ भाग इतकाच वेळ लागतो, असें दिसेल. यंत्र हा वेळ मोजून त्या खोलीवर एक ठिपका काढतें. प्रतिध्वनि जोराचा असेल तर ठिपका पांढरा, क्षीण असेल तर करडा, मुळींच नसेल तर काळा. अशा हजारों ठिपक्यांचें एक चित्र होतें, व सेकंदास अशीं कित्येक चित्रें उमटत असल्यामुळें हृदय पडद्यावर हलतांना दिसतें. कंपनसंख्या जितकी जास्त, तितकें चित्र बारीक, परंतु ध्वनि तितकाच उथळ जातो. म्हणून वरवरच्या नीलेसाठीं एक प्रोब व खोल असलेल्या हृदयासाठीं दुसरा, अशी योजना करावी लागते.

या ध्वनीचे दोन शत्रु आहेत : हवा व हाड. मऊ मांसांतून हवेच्या सीमेवर येतांच जवळजवळ सर्व ध्वनि मागें परततो. त्वचेवर थंडगार चिकट जेली लावतात ती एवढ्यासाठींच, कीं प्रोब व त्वचा यांच्या मध्यें हवेचा थर राहूं नये. आणि याच कारणास्तव पुष्कळ वर्षें असें मानीत कीं, हवेनें भरलेल्या फुप्फुसाच्या परीक्षेस हें यंत्र कांहीं कामाचें नाहीं.

ही समजूत बदलण्यांत पॅरिसजवळील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतील डॉक्टर दानिएल लिख्टेन्श्टाइन यांचा वाटा मोठा आहे. फुप्फुस दिसत नाहीं हें खरें, परंतु त्याच्या पृष्ठावरून परतणारा ध्वनिही कांहीं सांगत असतो, हें त्यांनीं ओळखलें. दोन बरगड्यांच्या मध्यें प्रोब ठेवला म्हणजे दोन बाजूंस दोन बरगड्यांच्या सावल्या व मध्यें एक पांढरी चकचकीत रेघ दिसते. पंख पसरलेल्या वटवाघळासारखी ही आकृति दिसते, म्हणून तिला वटवाघळाची खूण असेंच नांव मिळालें आहे. ती रेघ म्हणजे फुप्फुसावरण. निरोगी मनुष्य श्वास घेतो तेव्हां आवरणाचे दोन पदर एकमेकांवर घसरतात व रेघ चमचम करीत सरकतांना दिसते. छातींत हवा शिरून पदर विलग झाले, तर तें सरकणें थांबतें. ज्या ठिकाणीं सरकणें दिसतें, त्या ठिकाणीं आवरणांत हवा शिरलेली नाहीं, हें लिख्टेन्श्टाइन यांनीं १९९५ सालीं दाखवून दिलें. उताण्या पडलेल्या रोग्याच्या क्ष-किरण चित्रांत अशी हवा पुष्कळदां नजरेस येत नाहीं; म्हणून या खुणेचें मोल अधिक.

दुसरी खूण फुप्फुसांतील पाण्याची. कोरड्या फुप्फुसावर त्या पांढऱ्या रेघेचेच आडवे प्रतिध्वनि सारख्या अंतरावर पुनःपुन्हा उमटतात. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांत जशी प्रतिमांची रांग दिसते, तसाच हा प्रकार. फुप्फुस ओलें झालें, म्हणजे त्या आडव्या रेघा पुसल्या जातात व आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उभ्या पांढऱ्या झोतांसारख्या रेघा निघतात. दोन बरगड्यांच्या एकाच फटींत अशा तीन किंवा अधिक रेघा दिसल्या, तर वैद्य सावध होतो. छातीच्या दोन्ही बाजूंस त्या सर्वत्र असल्या, तर बहुधा फुप्फुसांत पाणी उतरलें आहे. एकाच जागीं असल्या, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा. २००८ सालीं लिख्टेन्श्टाइन व त्यांचे सहकारी मेझिएर यांनीं श्वासाच्या तीव्र विकारानें अतिदक्षता विभागांत आलेल्या २६० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छाती व पायांतील नीला ठराविक क्रमानें पाहिल्यावर १०० पैकीं सुमारें ९० रोग्यांचें निदान बरोबर ठरलें होतें.

फुप्फुसानंतर हृदय. खाटेजवळील वैद्य येथें चारच प्रश्न विचारतो. हृदयाचा डावा कप्पा जोरानें आकुंचन पावतो कीं मंदपणें? उजवा कप्पा फुगला आहे काय? फुगला असल्यास फुप्फुसाच्या वाटेंत रक्ताची गांठ अडकली असण्याचा संभव असतो. हृदयाभोंवतीं द्रवाचें काळें कडें दिसतें काय? आणि पोटांतून हृदयाकडे जाणारी महानीला भरलेली आहे कीं श्वासागणिक चेपते? मग प्रोब मांडीवर व गुडघ्यामागें ठेवून नीला हळूच दाबतात : निरोगी नीला दाबतांच मिटते, गांठ असल्यास मिटत नाहीं. पोटांत यकृत व मूत्रपिंड यांच्या मधल्या फटींत काळा पट्टा दिसला, तर तेथें रक्त किंवा पाणी सांचल्याचा संशय येतो.

आतां वर सांगितलेल्या धाप लागलेल्या रोग्याकडे पाहूं. दोन्ही बाजूंस उभ्या रेघा व मंद हृदय दिसलें, तर सलाइन थांबवून लघवी वाढविणारें औषध द्यावयाचें. एका बाजूस फुप्फुसावरण निश्चल व रोगी गुदमरत असला, तर तेथील हवा सोडावयाची. हृदयाभोंवतीं द्रव आढळला व त्यानें हृदयाची कोंडी केली असली, तर तो काढावयाचा. फुप्फुस कोरडें, हृदय जोमानें चाललेलें पण रिकामें, आणि पोटांत काळा पट्टा असा देखावा असला, तर रक्त मागवून शल्यवैद्यास हांक मारावयाची. अनुभवी हातास ही तपासणी करावयास थोडींच मिनिटें लागतात. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, उपाय केल्यावर अर्ध्या तासानें तीच तपासणी पुन्हां करून उपाय लागू पडला कीं नाहीं हें पाहतां येतें. क्ष-किरणांचा संबंध नसल्यामुळें कितीदांही पाहण्यास प्रत्यवाय नसतो. मानेंतील मोठ्या नीलेंत नळी घालतांना शेजारच्या रोहिणीस सुई लागूं नये, यासाठींही पडद्यावर पाहतच सुई पुढें सारतात. इंग्लंडांतील आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेनें ही रीत २००२ सालींच पुरस्कारिली.

एवढें वाचून कोणी असें समजूं नये कीं, यंत्र आणलें म्हणजे काम झालें. यंत्र फक्त ठिपके काढतें. त्यांचा अर्थ मनुष्य लावतो. प्रोब अंमळ तिरपा झाला, तर चांगलें हृदय दुबळें भासतें. फुप्फुसावरणाचें सरकणें दिसलें नाहीं, तरी त्याचें कारण दरवेळीं हवाच असेल असें नाहीं. पूर्वींच्या रोगानें दोन पदर एकमेकांस चिकटले असले, तरी तसेंच दिसतें. महानीलेच्या रुंदीवरून एकट्यानें कांहींच ठरवूं नये, असें जाणते सांगतात. अंग स्थूल असलें, छातीवर जखमांच्या पट्ट्या असल्या, तर चित्र नीट येत नाहीं. हृदय बंद पडलेल्या रोग्याची छाती दाबीत असतां चित्र पाहण्याच्या मोहानें दहा सेकंदांहून अधिक थांबणें म्हणजे त्याच्या जिवावर उठणें होय. आणि जो प्रोब एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातो, तो नीट पुसून निर्जंतुक केला नाहीं, तर त्याबरोबर रोगही जातो. म्हणून हातानें अभ्यास, जाणत्याच्या देखरेखीखालीं पुष्कळ रोग्यांची तपासणी, आणि ‘मला येथें स्पष्ट दिसत नाहीं’ असें म्हणण्याचा प्रामाणिकपणा, या तीन गोष्टींवांचून हें साधन हातीं घेऊं नये.

आपल्या देशांत या यंत्रास आणखी एक मर्यादा आहे, व तिचें कारण आपणां सर्वांस खालीं मान घालावयास लावणारें आहे. ज्या ध्वनीनें गर्भाची प्रकृति कळते, त्यानेंच मुलगा कीं मुलगी हेंही कळूं शकतें; आणि मुलगी नको म्हणून या विद्येचा दुरुपयोग अनेकांनीं केला. त्यास आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला. मागाहून १९९४ सालीं सर्व देशासाठीं कायदा झाला. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, असा फलक दवाखान्यांतून लावलेला असतो तो याचमुळें. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, व सहज उचलून नेतां येण्याजोगें यंत्रही वाटेल तेथें नेतां येत नाहीं. अतिदक्षता विभागांतील जें यंत्र केवळ फुप्फुस व हृदय पाहण्यासाठीं आहे, त्यासही हे नियम चुकत नाहींत. डॉक्टरांस त्यामुळें कागदपत्रांचा भार सोसावा लागतो. पण हा भार यंत्रानें आणलेला नसून आमच्या समाजाच्या लोभानें व अज्ञानानें आणला आहे. ज्या घरांत मुलीचा जन्म मुलाच्या जन्माइतकाच आनंदाचा मानतात, तें घर हा भार थोडासा हलका करीत असतें.

पालकांस एक व्यावहारिक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. आपलें माणूस अतिदक्षता विभागांत असलें व डॉक्टरांनीं लहानसें यंत्र उशाशीं आणून छातीवर जेली लाविली, तर घाबरून जाऊं नये. हें नेहमींचें काम आहे. त्यानें दुखत नाहीं व इजा होत नाहीं. बाहेर आल्यावर त्यांस धीरानें विचारावें : फुप्फुस ओलें आहे कीं कोरडें, हृदय कसें चाललें आहे, आणि पाहिल्यावर उपायांत काय बदल केला? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या पाहण्यानें रोग्याच्या उपचाराविषयीं कांहींच ठरत नाहीं, तें पाहणें व्यर्थ होय. आणि ज्यानें चुकीचा उपाय वेळेवर टळतो, तें एका मिनिटाचें असलें तरी अमोल होय.